थोरलीचे संवाद

टायपीबाईंना लेखिका वगैरे काही व्हायचं नव्हतं. त्यांना बसून करायची नोकरी हवी होती. आधी त्या चपलांच्या दुकानात होत्या आणि दिवसभर उभं राहून त्यांच्या पोटऱ्या सुजायच्या. टेलिव्हिजन केंद्रात टायपिस्टची जागा निघाली, तेव्हा खुर्ची मिळते ना एवढंच विचारून त्या रुजू झाल्या. हे त्यांनीच मला सांगितलेलं. पुढे सगळं आयुष्य त्या खुर्चीवर बसूनच होत्या, पण आराम म्हणतात तो काही त्यांच्या वाट्याला आला नाही.

केंद्रात तेव्हा एक म्हातारे नाटककार मालिका लिहायचे, सगळे त्यांना बुवा म्हणायचे. त्यांचं अक्षर असं, की मुंग्यांच्या रांगेवर कुणी फुंकर मारली असावी. बाई ते टाइप करायच्या. अक्षर लागलं नाही की टिंबं टाकायच्या आणि मग बुवांची बोलणी खायच्या. शेवटी वैतागून त्यांनी टिंबांच्या जागी आपल्याच मनाने काहीतरी बसवायला सुरुवात केली. काही दिवसांनी बुवा कागद घेऊन टेबलापाशी आले.

"ही ओळ माझी नाही."

"अक्षर लागलं नाही, साहेब."

"आणि ही?"

"तीही लागली नाही."

बुवांनी आणखी दोन पानं चाळली. "काल नटमंडळी नेमकी हीच वाक्यं वाखाणत होती," ते म्हणाले. "असू दे. माझं अक्षर आता काही सुधारणार नाही."

बुवा अंथरुणाला खिळले तेव्हा मालिका अर्ध्यावर होती. उरलेली बाईंनी लिहिली. पडद्यावर नाव बुवांचंच गेलं, पण केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून त्यांचं नाव टायपी पडलं. पुढे त्या स्वतः निर्मात्या झाल्या, पाटीवर नाव आलं, तरी सेटवरचा सुतारसुद्धा टायपीबाईच म्हणायचा आणि त्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही.

मी त्यांच्याकडे संकलक म्हणून लागलो तो त्यांच्या मोठ्या मालिकेच्या पहिल्या वर्षी. संकलक म्हणजे शूटिंगमध्ये जे जे टिपलं जातं त्यातलं नको ते कापून हवं ते जोडणारा. खिडकी नसलेल्या खोलीत माझा संसार. बाई दुपारी चहाचा कप घेऊन तिथे यायच्या, कारण त्या खोलीत त्यांना कुणी शोधत येत नसे. आमची जी काही मैत्री झाली ती अशी, एका पडद्याकडे बघत, एकमेकांकडे न बघता.

मालिका साधी होती. बापाने मागे ठेवलेलं छोटं हॉटेल चालवणाऱ्या तीन बहिणी. थोरली, मधली आणि धाकटी. थोरलीचं काम करायला रंगभूमीवरची एक नटी आली. नायिकेचं वय उलटलेलं आणि जिभेला धार. पहिल्याच वाचनाला तिने कागद खाली ठेवला.

"हे वाक्य कुणी लिहिलंय?"

"मी," बाई म्हणाल्या.

"दिवसभर काम करून आलेली बाई एवढं लांब बोलते? तुम्ही बोलता?"

बाईंनी थोडा विचार केला. "मी तर घरी गेल्यावर बोलतच नाही."

"मग हिला कशाला बोलायला लावता?"

त्या दिवशी बाईंनी अख्खा प्रवेश तिथेच बसून पुन्हा लिहिला. पुढची बारा-तेरा वर्षं त्या दोघींचं हेच चाललं. एक लिहायची, दुसरी नाक मुरडायची, पहिली खोडायची. भांडणं इतकी, की नवा माणूस म्हणायचा, आता काही ही मालिका टिकत नाही. आणि संध्याकाळी दोघी एकाच गाडीने घरी जायच्या. त्या नटीला आम्ही सगळे थोरलीच म्हणायचो, तेही एकेरीत. ते तिनेच लावून दिलं होतं. म्हणायची, अहो-जाहो केलं की मला म्हातारीच्या भूमिका येतात.

मालिका एक वर्ष चालेल असं चॅनेलने धरलं होतं. ती संपायचं नावच घेईना. तिसऱ्या वर्षी मूळ निर्माता कंटाळून निघून गेला आणि चॅनेलवाल्यांनी बाईंना विचारलं, तुम्हीच निर्मिती सांभाळाल का? नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी आला असता आणि त्याने त्यांच्या तीन बहिणींचं काय केलं असतं कोण जाणे. त्या हो म्हणाल्या आणि आगीतून उठून फुफाट्यात पडल्या. लेखकाला निदान पात्रांचीच भांडणं सोडवायची असतात. आता संडासाचा नळ, भाड्याने आणलेले दिवे, धाकटीच्या खऱ्या लग्नाची रजा, सुतारांचा रुसवा, सगळं त्यांच्यापाशी येऊ लागलं. रोजचा एक भाग. कोंबडीनेसुद्धा एखादा दिवस खाडा करावा, पण मालिकेने नाही.

घरी नवरा भूगोल शिकवणारा शिक्षक. शांत माणूस, जरा तिरकस. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तो उत्तरपत्रिका तपासायचा, दुसऱ्या टोकाला बाई उद्याचे प्रवेश लिहायच्या, मधे मुलगी गृहपाठ करायची. मुलगी लहान असताना एकदा म्हणाली होती, "आई, हॉटेलातल्या धाकटीचा वाढदिवस तुझ्या लक्षात असतो." बाईंनी ते मला सांगितलं तेव्हा हसत होत्या, पण कपातला चहा तसाच राहिला.

एकदा नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बाई संध्याकाळी शूटिंग आटोपून धावत इस्पितळात गेल्या, नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "सलाइनची बाटली या बाजूला असते होय? आमच्या सेटवर उलट्या बाजूला लावलीय."

नवरा डोळे न उघडता म्हणाला, "तू मला बघायला आलीयस की सामान?"

दमलेल्या माणसाचं असंच होतं. तो एका जागी असला तरी दुसरीकडचं काम करत असतो.

बाराव्या वर्षाच्या सुमारास मला पडद्यावर काहीतरी वेगळं दिसायला लागलं. थोरली वाक्याच्या आधी थांबायची. आधी मला वाटलं, अभिनय आहे. ती जागा मी तशीच ठेवायचो आणि छान दिसायची. मग थांबणं वाढलं. मग ती मधलीला धाकटीच्या नावाने हाक मारू लागली. सेटवर सगळे हसले, तीही हसली. एके दिवशी मधलीने तिला विचारायचं होतं, "ताई, पाहुण्यांची खोली उघडू का?" थोरलीने उत्तरादाखल एक भलंमोठं भाषण केलं. एक शब्द चुकला नाही, आवाज चढला-उतरला नेमका जिथे हवा तिथे. दिग्दर्शक गोंधळला. मला ते ओळखीचं वाटलं. बाई माझ्या खोलीत आल्या तेव्हा मी जुना भाग काढून लावला. दुसऱ्या वर्षातलं भाषण होतं ते, बापाच्या मृत्यूनंतरचं. जसंच्या तसं.

बाईंनी ते दोनदा पाहिलं. मग कप उचलला आणि निघून गेल्या.

थोरली आपल्या धाकट्या भावाबरोबर राहायची. तो निवृत्त बसड्रायव्हर, बायको वारलेली. बाई दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेल्या. दार त्यानेच उघडलं आणि बाईंना बघून म्हणाला, "कळलं तर तुम्हाला."

डॉक्टरांनी काही महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. विसरण्याचा आजार. हळूहळू वाढणार, परत फिरणार नाही. बहिणीने शपथ घातली होती, कुठे बोलायचं नाही म्हणून.

"सेटवर गेली की बरी असते," भाऊ म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी मात्र घरातल्या घरात वाट चुकते. काल मला विचारत होती, या हॉटेलात आंघोळीची खोली कुठाय. बाई, तिला काढू नका. काढलंत तर मी एकटा काय करू?"

थोरली आतून आली. त्या दिवशी ती चांगली होती. तिला लगेच समजलं कशाबद्दल चाललंय ते.

"काढणार असशील तर आत्ताच सांग," ती बाईंना म्हणाली. "आणि मालिकेत मारूबिरू नकोस. तू मारतेस कशी ते मला माहितीये. जिन्यावरून ढकलतेस सगळ्यांना."

"मी तुला काढत नाहीये."

"मग वाक्यं लहान लिही. पहिल्यापासून सांगतेय."

तिथून बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात दमवणारी दोन वर्षं सुरू झाली. त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं आणि मला. बाकी कुणाला सांगितलं नाही, पण सेटवर कुणाला कळायचं राहिलं नाही. झाकली मूठ सगळ्यांनी मिळून झाकलेली ठेवली. रोज सकाळी उठल्या उठल्या बाई त्या भावाला फोन करायच्या. हवामानाचा अंदाज घ्यावा तसं विचारायच्या, "आज कशी आहे?" तो म्हणाला "चांगली," की थोरलीला दोन-तीन वाक्यं मिळायची. "बरी नाही" म्हणाला, की बाई गाडीत बसल्या बसल्या प्रवेश बदलायच्या. थोरली खिडकीपाशी बसलीय, बाकीच्या दोघी बोलतायत. आदल्या दिवशी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी फुकट. नट मंडळींना पाठ केलेलं विसरून नवं पाठ करावं लागे. मधलीचं काम करणारी नटी तर इतकी तयार झाली, की थोरली अडखळली की स्वतःच्या वाक्यात थोरलीचंही वाक्य मिसळून टाकायची. "तू म्हणशील, आधी हिशोब बघ. हो ना ताई?" आणि थोरली मान हलवायची.

एकदा कानात बसवायचं छोटं यंत्र आणून पाहिलं. कुणीतरी मागून वाक्य सांगायचं आणि तिने म्हणायचं. पहिल्याच टेकला तिने ते उपटून जमिनीवर फेकलं. "माझ्या कानात कोण बसलंय?" असं विचारत ती इतकी घाबरली, की त्या दिवशीचं काम थांबवावं लागलं. ते यंत्र पुन्हा निघालं नाही.

गंमत बघा, प्रेक्षकांना ही मुकी थोरली फार आवडली. पत्रं यायची, ताई आता किती समजूतदार झाल्या. एका वर्तमानपत्रात आलं, की लेखिकेला इतक्या वर्षांनी मौनाची ताकद कळली आहे. बाईंनी ते कात्रण मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "याला म्हणावं, रोज सकाळी माझ्या जागी बसून बघ."

त्या वर्षांत बाईंचे केस एकदम पांढरे झाले. कॅमेऱ्यामागच्या खुर्चीवर त्या बसल्या बसल्या झोपायच्या आणि "कट" ऐकलं की जाग्या व्हायच्या. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली. ती जायच्या दिवशी बाई स्टेशनवर पोहोचल्या, पण गाडी सुटल्यावर. नवऱ्याने रागावून काही म्हटलं नाही. "चल, आलीच आहेस तर चहा घेऊ," म्हणाला. रागावण्यापेक्षा ते जास्त लागलं, असं बाई म्हणायच्या.

मग चॅनेलवर नवी प्रमुख आली. तरुण, हुशार, कामाला वाघ. उंटावरून शेळ्या हाकणारी नव्हती ती. सेटवर येऊन दिवसभर बसली आणि संध्याकाळपर्यंत सगळं ओळखलं. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना बोलावलं. बाईंनी आल्यावर सगळं बोलणं मला सांगितलं.

तिने आरडाओरडा केला नाही. उलट म्हणाली, "तुम्ही हे लपवताय कशाला? हेच दाखवूया. थोरलीला आजार होतो. बहिणी तिला सांभाळतात. किती घरांत हे चालू आहे. लोकांना धीर येईल. आणि त्यांना कामही करावं लागणार नाही, जशा आहेत तशा चालतील."

"जशा आहेत तशा," बाई म्हणाल्या.

"मी वाईट अर्थाने म्हणत नाहीये."

"माहितीये."

बाईंना मोह झाला होता. तो त्यांनी माझ्यापाशी लपवला नाही. रोजचं खोटं संपलं असतं. लिहिणं सोपं झालं असतं. आणि खरंच लोकांना धीर आला असता. त्यांनी दोन प्रवेश लिहूनही पाहिले. चांगले उतरले होते, मी वाचले. मग त्यांनी ठरवलं, ज्याचं त्याला विचारावं.

थोरलीच्या एका चांगल्या दिवशी त्या मेकअपच्या खोलीत तिच्याशेजारी बसल्या आणि सरळ सांगितलं. थोरलीने आरशात बघत ऐकून घेतलं.

"मी काय काय केलं नाही," ती म्हणाली. "वेडी झाले, आंधळी झाले, मेले तर कितीदा. पण घरी जाताना ते सगळं इथे खुंटीला टांगून जायचे. हे कुठे टांगू?"

तिने कंगवा खाली ठेवला.

"आणि मला उद्या कळणारही नाही तुम्ही काय टिपताय ते. तू मला चोरून बघितल्यासारखं होईल. तू नाही तसं करणार."

"नाही करणार," बाई म्हणाल्या.

चॅनेलने मग दुसरे मार्ग पुढे ठेवले. तिच्या जागी दुसरी नटी आणा, नाहीतर थोरलीला मारा. घरी बसवली तर भाऊ कोलमडणार आणि तीही, हे बाईंना दिसत होतं. पण सेटवरही ती आता फार दिवस टिकणार नाही, हेही दिसत होतं. सगळं संपायचंच असेल तर तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊन, तिला दारातून परत पाठवून ते संपवायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. मालिका बंद करायचं त्यांनी ठरवलं. सहा महिन्यांची मुदत मागून घेतली, म्हणजे लोकांना दुसरीकडे काम बघता येईल.

हे मनाचा मोठेपणा म्हणून सांगावं असं सरळ नव्हतं. सेटवर पन्नासेक माणसं होती. बाईंनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. मग मेकअपमन उठला. पहिल्या दिवसापासूनचा माणूस, थोरलीचा चेहरा त्याने तिच्या आईपेक्षा जास्त वेळा पुसला असेल.

"बाई, एकीसाठी आमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय?"

सगळ्यांना वाटलं, बाई समजावतील. चॅनेलवर ढकलतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही सुचलं नाही. चौदा वर्षं रोज काहीतरी सुचत होतं. आता नाही सुचत."

मेकअपमन खाली बसला. मधलीचं काम करणारी नटी उठून बाहेर गेली आणि त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत ती बाईंशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. तिच्यावर दोन मुलं आणि आजारी सासरे अवलंबून होते. तिचाही दोष कसा म्हणायचा. मलाही राग आला होता. मी तो दाखवला नाही, पण त्या आठवड्यात बाई चहाला आल्या तेव्हा मी काम आहे म्हणून पाठ फिरवूनच बसलो. त्या तशाच बसून राहिल्या.

शेवटचा प्रवेश दुपारी झाला. तिघी बहिणी हॉटेलाच्या दिवाणखान्यात उभ्या, पाहुणे गेलेत, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. थोरलीला वाक्य नव्हतं. मधलीने दिवा मालवायचा आणि तिघींनी बाहेर पडायचं, एवढंच. मी त्या दिवशी माझी खोली सोडून सेटवर जाऊन उभा होतो.

दिवा मालवला. धाकटी दाराकडे निघाली. थोरली मात्र जागची हलली नाही. तिने कॅमेऱ्याच्या पलीकडे, अंधारात बसलेल्या बाईंकडे बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

दिग्दर्शकाने हात वर केला, पण थांबवलं नाही. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. तेव्हा मधली वळली. तिने थोरलीचा हात धरला आणि म्हणाली, "उद्या उशिरा आलीस तरी चालेल, ताई." आणि तिला सावकाश दाराबाहेर घेऊन गेली.

ते आम्ही तसंच ठेवलं. मी त्यात काहीही कापलं नाही. प्रेक्षकांना वाटलं, बाईंनी लिहिलेलंच आहे. शूटिंग संपल्यावर बाई मधलीपाशी गेल्या. मधली म्हणाली, "माझा राग गेलेला नाही." बाई म्हणाल्या, "जाऊ देऊ नकोस. पण थँक्यू."

पुढे ज्याचं त्याचं जसं व्हायचं तसं झालं. सुतारांना लगेच काम मिळालं. मधलीला वर्षभराने एक चांगली भूमिका मिळाली. मेकअपमनला मात्र कुठे जम बसला नाही, त्याने बहिणीच्या केस कापायच्या दुकानात काम धरलं. मी जाहिराती जोडतो. त्यात माणसं अडखळत नाहीत, सगळी आनंदात असतात.

चॅनेलने बाईंना आणखी एक मालिका दिली. ती तीन महिन्यांत बंद पडली. बाईंना फारसं वाईट वाटलं नाही, त्यानंतर त्यांनी लिहिणं थांबवलं. पहिले काही महिने त्या नुसत्या झोपल्या. नवरा शाळेतून येऊन बघायचा तर झोपलेल्या. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिच्या खोलीत जाऊन तिच्याच पलंगावर आडव्या झाल्या, आणि मुलगी शेजारी पुस्तक वाचत बसली. दोघी फार काही बोलल्या नाहीत. हळूहळू बोलायला लागल्या, तेही थोडं थोडं. मुलगी म्हणते, आई अजून माझ्या तोंडातलं वाक्य दुरुस्त करते.

थोरली आता कुणालाच ओळखत नाही. आठवड्यातून दोन दुपारी बाई तिच्याकडे जातात. भाऊ तेवढ्या वेळात बाजार करून येतो, किंवा बाहेर बाकावर नुसता बसतो. बाई तिची नखं कापतात, खिडकी उघडतात. कधी थोरली चिडते आणि हात झटकते. कधी दोघी काही न करता बसून असतात.

मागच्या महिन्यात तिथून येताना बसमध्ये शेजारच्या बाईने त्यांना ओळखलं. त्या मालिकेच्या तुम्हीच ना, म्हणाली. आमच्या घरी सगळे बघायचे. किती छान चालली होती, बंद का केलीत?

"दमले होते," बाई म्हणाल्या.

ती बाई बराच वेळ मालिकेतल्या जुन्या प्रसंगांबद्दल बोलत राहिली, कुणाचं लग्न कसं मोडलं, कोण जिन्यावरून पडलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा चुकलेला प्रसंग दुरुस्तही केला. मग आपला स्टॉप यायच्या आधीच्या स्टॉपला त्या उतरल्या आणि उरलेलं अंतर चालत गेल्या. घरी नवरा टेबलावर उत्तरपत्रिका पसरून बसला होता. बाईंनी समोरची खुर्ची ओढली, चप्पल काढली आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले.